पोटाला कळलं पाहिजे

दर उन्हाळ्यात टँकरच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी मेंढ्यांची गोष्ट टाकतं. दुष्काळात मरायला टेकलेल्या मेंढ्या पडेगावच्या माळावर हेवी मेटल ऐकून कशा उठल्या आणि नाचल्या, अशी ती गोष्ट. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे येतात. कुणी लिहितं, 'काय दर्दी माणूस होता राव.' होता म्हणतात, पण माणूस आहे. शहर सोडून मुलाकडं पुण्याला राहायला गेलेत, एवढंच. तेही त्या ग्रुपवर आहेत. त्या गोष्टीखाली ते कधी काही लिहीत नाहीत.

मीही लिहीत नव्हतो. पण यंदा एका नव्या माणसानं विचारलं, 'मेंढ्या होत्या कुणाच्या?' त्याला उत्तर आलं, 'असतील कुठल्या तरी धनगराच्या.'

त्या मेंढ्या माझ्या बापाच्या होत्या. म्हणून हे लिहायला बसलो.

ग्रुपवरचा तो दर्दी माणूस म्हणजे आमचे घरमालक. औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत त्यांचं घर. खाली बांगड्यांचं दुकान, मधल्या मजल्यावर ते आणि काकू, गच्चीवरच्या खोलीत मी. आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, त्यांच्याआधीचे भिक्षुकी करणारे, आणि हे इंजिनियर. शहर चहूकडं पसरत होतं, तेव्हा निम्म्या नव्या बंगल्यांचे नकाशे यांच्या टेबलावर निघायचे.

मी गंगापूर तालुक्यातला. आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिला, आणि बी.एस्सी. झालेला तर अख्ख्या वस्तीत पहिला. हे मी अभिमानानं सांगतो. कुणाला ती बढाई वाटली तर वाटू दे. वाळूजच्या एका बियर कंपनीत, लॅबमध्ये, मला नोकरी लागली आणि मी खोली शोधायला शहरात आलो. जिथं जाईन तिथं आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. या माणसानं आडनाव विचारलंच नाही. कंपनी विचारली. मी सांगितल्यावर आत तोंड करून म्हणाले, "अहो, ऐकलं का? देव राहायला आलाय."

ही त्यांची बाजू आधी लिहून ठेवतो. पुढं लिहायला राग आड येईल.

दिसायला असे: पन्नाशी उलटलेली, पुढं टक्कल, मागं उरलेल्या केसांची रबर लावून शेपटी. बारा महिने काळा टी-शर्ट, त्यावर कवटी, आणि टी-शर्टच्या गळ्यातून डोकावणारं जानवं. आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या बापानं, त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं, "मालकावर कुनी करनी केली व्हय? मुंडकं घिऊन फिरतेत छातीवर."

त्यांना हलकं काही चालायचं नाही. वरणभात हे आजाऱ्याचं जेवण आणि भावगीत हे आजाऱ्याचं गाणं, असं त्यांचं मत. जेवण म्हणजे नान आणि मटणाचा खलिया. तोही जुन्या शहरातल्या एका भटारखान्यातून स्वतः डबा घेऊन आणलेला, वर बोटभर तर्री असलेला. बियर म्हणजे स्ट्राँग. आणि गाणं म्हणजे ते आणि त्यांचे मित्र, एक दातांचे डॉक्टर, मिळून जे वाजवायचे ते. हे गिटारवर, डॉक्टर ढोलांच्या ढिगाऱ्यामागं. "पोटाला कळलं पाहिजे," हे त्यांचं पालुपद. खलियाचा पहिला घास घेतला की डोळे मिटून म्हणायचे, "कळलं." गिटारची जाड तार छेडून खिडक्या थरथरल्या की पोटावर हात ठेवायचे. "बघ पैलवान, इथं कळलं. नुसतं कानाला कळतं ते गाणं नव्हे, ती कुजबुज." मी तेव्हा काडीसारखा होतो. पैलवान मलाच म्हणायचे.

काकू कानात कापूस घालून पोळ्या लाटायच्या. संसारात त्यांनी दुसरी तक्रार केलेली मी ऐकली नाही. तक्रार केली ती खालच्या बांगडीवाल्यानं. एकदा जिना चढून वर आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, चूड़ियां आपीच बज रे दुकान में. गाहक डर के भाग रे." यांना त्याचं इतकं कौतुक वाटलं की त्याला बसवून घेतलं, खलिया वाढला, आणि पुन्हा एकदा तार छेडून खाली कान देऊन ऐकलं. मग मात्र त्यांनी सगळं सामान पडेगावला हलवलं. तिथं दौलताबाद रोडच्या आत त्यांचा मोकळा प्लॉट होता. त्यावर पत्र्याची मोठी शेड घातली. आजूबाजूला नुसते चुना मारलेले दगड रोवलेले आणि बिल्डरांचे बोर्ड. ऐकायला कुणी नाही.

पण त्यांची खरी खोड वाढण्याची. पाहुणा पुरे म्हणाला की त्यांना चेव यायचा. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढायचे. डॉक्टरांच्या नव्या घड्याळावर एकदा पळीभर खलिया ओतला होता. कुणी फार गयावया केली तर म्हणायचे, "वाढल्यानं मेलेला माणूस मला एक दाखवा." पंगतीत माणसं हसायची. मीही हसलोय.

आणि एक शब्द त्यांच्या तोंडात सारखा असायचा: अस्सल. अस्सल खलिया, अस्सल ठेचा, अस्सल ज्वारी. सुट्टीच्या दिवशी गाडी काढून अस्सल शोधत हिंडायचे. एकदा मला विचारलं, "तुमच्याकडं दुष्काळात काय खातात?"

"हुलग्याचं माडगं."

"कसं लागतं?"

"दुष्काळासारखं."

ते माझ्याकडं असे बघत राहिले, जसं काही मी सोन्याची खाण दाखवली. माडगं म्हणजे हुलगे भाजायचे, भरडायचे आणि पाण्यात शिजवून पातळ प्यायचं. घरात माणसं वाढली की पाणी वाढवायचं, हुलगे तेवढेच. मी लहानपणी ते इतकं प्यालोय की आजही हुलगे भाजल्याचा वास आला की मी उठून बाहेर जातो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी त्यातलं एवढंच ऐकलं की हुलगे भाजायचे असतात.

मग तो उन्हाळा आला. नळाच्या पाण्याचा दिवस लोक सणासारखा धरून ठेवायचे, त्या दिवशी कुणी गावाला जायचं नाही. गंगापूरकडं गावोगाव टँकर. पेपरात आलं की इकडं माणसांना पाणी नाही आणि बियर कंपन्यांना मिळतंय. काकांनी तो पेपर दोनदा वाचला, उठले, फ्रीजमधल्या सगळ्या बाटल्या काढल्या आणि एकेक करून मोरीत ओतल्या. पाणी वाचावं म्हणून बियर मोरीत ओतणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

मग वर माझ्या खोलीत आले. "पैलवान, राजीनामा दे."

"कशाचा?"

"तुझ्या माणसांना टँकर, आणि तू तिथं बियर गाळतोस? लाज वाटली पाहिजे."

"काका, तुम्ही प्यायची सोडली. मी काय सोडू, खायची?"

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुमचं आहे. नोकरी माझी आहे."

ते खाली गेले. संध्याकाळी ताट घेऊन पुन्हा वर आले. त्यावर नान, खलिया, कांदा, भात, वर आणखी एक नान. माफी मागायची त्यांची तीच एक रीत होती, की ताट जड करायचं. महिन्याभरात फ्रीजमध्ये बाटल्या परत आल्या. माझी नोकरी अशी फ्रीजमध्ये परत आली नसती. त्या ओतलेल्या बाटल्यांचं डॉक्टरांनी सगळीकडं कौतुक केलं. मी न दिलेल्या राजीनाम्याबद्दलही सगळीकडं सांगितलं.

त्याच उन्हाळ्यात आबा आणि माय मेंढरं घेऊन शहराच्या अंगाला आले. एरवी सुगी झाली की आम्ही गोदावरीच्या बाजूनं खाली उतरायचो. रात्री मेंढरं शेतात बसवायची, शेताला लेंडीखत मिळतं आणि शेतकरी त्याबद्दल दाणा देतो. त्या साली शेतकऱ्याकडंच दाणा नव्हता, तो आम्हाला काय देणार? मेंढरं बाभळीच्या शेंगांवर आणि सुक्या पाल्यावर जगत होती. चालून चालून त्यांच्या फऱ्याची हाडं वर आली होती. आमच्याकडं शेत नव्हतं, दुकान नव्हतं. आबांचं जे होतं ते सगळं त्या कळपात चालत होतं. काही दिवस तरी त्याला एका जागी टेकू द्यायला हवं होतं.

मी काकांकडं पडेगावचा प्लॉट मागितला. मागायला जिवावर आलं होतं. त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "आजच आण," म्हणाले. टँकरही त्यांनीच सांगितला. मेंढरं पाणी प्यायला लागली तेव्हा कुंपणाशी उभे राहून लहान मुलासारखे बघत होते. आबांनी त्या संध्याकाळी त्यांचं वाजवणंही ऐकून घेतलं. काकांनी त्यांना पोटावर हात ठेवायला लावला. "कळलं का, आबा?"

"कळलं," आबा म्हणाले, आणि उठून मेंढरांकडं गेले. मेंढरं सगळी उठून लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली होती.

आठवडा सरायच्या आत काका म्हणाले, "रविवारी मंडळींना बोलावतो. मावशींच्या हातचं माडगं खाऊ घालू त्यांना. अस्सल, माळावर बसून."

"काका, माय दमलीय."

"मी बोलतो त्यांच्याशी."

बोलले. ज्यानं जागा दिली, पाणी दिलं, त्याला माय नाही कसं म्हणणार? "व्हय, करते की," म्हणाली. रविवारी आबा पुढचा पाला कुठं मिळतो ते बघायला दौलताबादच्या बाजूला गेले. मेंढरांजवळ माय थांबणार होती. ती शेडच्या मागं चुलीपाशी बसली. मी पाहुण्यांना वाटप करत होतो.

गाड्या आल्या. बियरचे खोके उतरले, खलियाचं पातेलं उतरलं. माडगं कागदी कपातून दिलं. एक बाई म्हणाल्या, "हे तर सुपरफूड आहे." डॉक्टरांनी मीठ मागितलं. दुसऱ्या एकानं मला विचारलं, "तुम्ही रोज खाता का हे?" मी म्हणालो, "आता नाही. आता पगार आहे." त्यांना तो विनोद वाटला. मग खलिया उघडला, तसे ते कप एकेक करून कुंपणापाशी रिकामे झाले. भरलेलेच रिकामे झाले. माय पातेलं घेऊन येत होती, तिनं ते पाहिलं. ती तशीच माघारी वळली.

बियर करताना बार्लीतलं सत्त्व काढून घेतलं की मागं ओला भुसा उरतो, त्याला चोथा म्हणतात. दूधवाले तो म्हशींसाठी नेतात. मला न विचारता काकांनी आमच्या कंपनीच्या ठेकेदाराकडून या चोथ्याचा टेम्पो मागवला होता. मी त्याच कंपनीत नोकरीला, रोज त्यांच्या घरात, आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. का, तर सगळ्यांना गंमत दाखवायची होती. "आपण जेवायचं आणि मेंढरांनी बघायचं का? त्यांनाही कळू दे बियर म्हणजे काय." मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी शेडमध्ये ताटं उचलत होतो तेवढ्यात ते टोपल्या भरभरून चोथा वाढून आले. त्यावर मक्याच्या भरड्याचं पोतं सोडलं. उरलेले नान मंडळींनी हातानं भरवले आणि फोटो काढले. मेंढरांनी खाल्लं की हे पुन्हा वाढत होते. हात आडवा धरायला मेंढराला हात नसतो.

रिकाम्या पोटाचं जनावर एकदम दाण्यावर पडलं की पोटात वारा धरतो. डावी कूस ढोलासारखी फुगते. जनावर बसतं, आणि बसलं की त्याचा श्वास कोंडतो. मायचा आवाज ऐकून मी बाहेर आलो. "चांदी बसली रे," ती म्हणाली. चांदी ही आमची म्होरकी. गळ्यात घंटा असायची, ती चालली की कळप चालायचा. तिच्यामागं आणखी बसत होती.

त्याच वेळी आबा परत आले. ते धावले नाहीत. चांदीच्या कुशीवर बोट वाजवून पाहिलं आणि उभे राहिले.

"काय घातलं?"

"चोथा," काका म्हणाले. "थोडा मका. नान."

"किती?"

काकांनी हातातल्या रिकाम्या टोपलीकडं पाहिलं.

"किती घातलं, मालक?"

"पाहिलं नाही, आबा. वाढत गेलो."

आबांनी त्यांना शिवी दिली नाही. मला आजही वाटतं द्यायला हवी होती. "तेल आना," म्हणाले. "सोडा आना. बसू दिऊ नगा एकालाबी." भज्यांसाठी आणलेला तेलाचा डबा होता. मी आणि माय रिकाम्या बियरच्या बाटल्यांत तेल भरून एकेकीच्या घशात ओतत होतो. काकू सोडा कालवून देत होत्या. मंडळींच्या गाड्या एकेक करून निघाल्या. सुपरफूडवाल्या बाईंनी जाता जाता विचारलं, "डॉक्टरला बोलवायचं का?" डॉक्टर तिथंच होते, दातांचे.

अडचण अशी की एक उठवली की दुसरी बसायची. आम्ही किती पुरणार? आबांनी शेडकडं पाहिलं. "मालक, ते तुमचं वाजिवता न्हवं, ते वाजवा. मोठ्यानं."

"आबा, आत्ता?"

"आत्ता न्हाय तर कवा? ते ऐकलं की उठून पळतेत ती. वाजवा."

काकांना पहिल्यांदा तार सापडली नाही. मग सापडली. डॉक्टर ढोलांमागं बसले. पत्रा हादरला, आणि बसलेली मेंढरं दचकून धडपडत उठली, आवाजापासून लांब पळायला लागली. आबा त्यांना वळवून पुन्हा फिरवत होते. आवाज थांबला की ती बसायची. म्हणून तो थांबवायचा नाही. दौलताबादच्या किल्ल्यामागं दिवस गेला तरी काका वाजवत होते. बोटांची कातडी निघाली होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. मी जवळून गेलो तेव्हा ऐकलं. "उठा, उठा," असं म्हणत होते.

बरीच उठली. काही उठली नाहीत. चांदी उठली नाही. आबांनी तिच्या गळ्यातली घंटा सोडली आणि धोतराच्या सोग्याला पुसून खिशात टाकली.

हे ते नाचणं. जीव कोंडलेलं जनावर भीतीनं उठतं, त्याला नाचणं म्हणायला शहरात शिकावं लागतं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्यांच्या गोष्टीत चोथा नाही, नान नाही, आबा नाहीत. आणि तेल तर अजिबात नाही. त्यांच्या गोष्टीत दुष्काळ आहे आणि संगीत आहे.

काकांनी भरपाई दिली, आबांनी घेतली. का घेऊ नये? पण नवी मेंढरं घेऊन म्होरकी मिळत नाही. ते वर्षभर कळप आबांच्या हाकेला फुटत राहिला. पुढं आणखी एक कोरडं साल गेलं. पडेगावच्या माळावर इमारती उभ्या राहिल्या, चालायच्या वाटांना कंपाउंडं पडली. आबांनी कळप विकला. नुसत्या त्या रविवारामुळं विकला असं मी म्हणत नाही. त्या रविवारामुळं लवकर विकला, असं म्हणतो.

मी ती खोली सोडली. काकांशी बोलणं कामापुरतं ठेवलं. पुण्याला जायच्या आधी त्यांनी आबांना आणि मला जेवायला बोलावलं. मी जाणार नव्हतो. आबा म्हणाले, "तू ऱ्हा घरी. मी जातो." मग मला जावं लागलं.

घरात सामान बांधून ठेवलं होतं. गिटार पिशवीत, भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली. काकांचे केस कापलेले होते आणि अंगात साधा पांढरा सदरा. ताटं मांडली. मला वाटलं, आता टोपलीभर नान येणार, आता हे आबांच्या ताटावर डोंगर करणार. खलियाचं पातेलं घेऊन ते आबांच्या समोर आले, पळी भरली, आणि तिथंच थांबले.

"आबा, किती वाढू?"

आबांनी वर पाहिलं. ज्या माणसानं कुणालाही कधी हे विचारलं नव्हतं, तो पळी धरून उत्तराची वाट बघत उभा होता. पळीतली तर्री थेंब थेंब पातेल्यात पडत होती. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. नंतर जिन्यात त्यांनी सांगितलं, त्या रविवारपासून ते प्रत्येकाला असंच विचारतात, घरातल्या मांजरालासुद्धा.

"वाढा की मालक," आबा हसून म्हणाले. "मी काय मेंढरू हाय व्हय?"

आबा हसले, काकू हसल्या. मी हसलो नाही. काकाही हसले नाहीत.

"नाही," ते म्हणाले. "किती, ते सांगा."